तिसऱ्या मजल्यावरची रुम्याना

रुम्याना आमच्या इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात तिसरा मजला साफ करायची. मी त्या इमारतीची फॅसिलिटीज मॅनेजर, म्हणजे दिवे, हीटिंग, लिफ्ट, सफाई सगळं माझ्याकडे. ती बासष्ट वर्षांची, बल्गेरियाची, बारीक चणीची, मोजकं बोलणारी.

कोविडमध्ये तिसऱ्या मजल्यावरची माणसं घरून काम करायला लागली ती परत आलीच नाहीत. एकशेवीस डेस्कं तशीच राहिली. कुणाचे हेडफोन, खुर्चीच्या पाठीवर कुणाचा कार्डिगन, मार्च २०२०च्या पानावर थांबलेली कॅलेंडरं. लीज संपेपर्यंत काही हलवायचं नाही असं वरून सांगितलं होतं. रुम्याना रोज दुपारी ती सगळी डेस्कं पुसायची.

"कुणी येत नाही, तर एक दिवसाआड करा ना," मी तिला म्हटलं होतं.

"रोज करायला हवं. नाहीतर कळतं," ती म्हणाली.

"कुणाला कळतं?"

तिने बादली उचलली आणि पुढच्या रांगेकडे गेली.

गेल्या फेब्रुवारीत ती पहिल्यांदाच आपणहून माझ्या केबिनमध्ये आली. "वर कुणीतरी येतं," ती म्हणाली. "दोनला दहा मिनिटं कमी असताना. लिफ्टपासून खिडकीपर्यंत दिवे एकेक करून लागत येतात."

आमचे दिवे सेन्सरचे. मी नकुलला बोलावलं. तो इलेक्ट्रिकलचं बघतो. आमच्या मेडनहेडच्या ओळखीतला, इथेच जन्मलेला, मराठी मोडकंतोडकं. त्याने शिडीवर चढून सगळं तपासलं आणि मला म्हणाला, "मावशी, ते हीटिंग आहे. दुपारी गरम हवा येतो ना, सेन्सरला वाटते माणूस आला. मी टर्न डाउन केलं आहे." दोन दिवस दिवे लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा लागले.

म्हणून मी स्वतः पावणेदोनला वर गेले. बाहेर स्वच्छ ऊन होतं. रुम्याना खिडकीजवळच्या एका डेस्कवर ताठ बसली होती आणि तिचे हात चालू होते. डाव्या हाताच्या दोन बोटांत काहीतरी इवलंसं धरलेलं, उजव्या हातात जणू चिमटा. उचलायचं, श्वास रोखून बसवायचं, उजवीकडे सरकवायचं, पुढचं घ्यायचं. डेस्कवर काहीच नव्हतं. माझ्या मागचा दिवा लागला, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. मी जागची हलले नव्हते. तिनेही मान वळवली नाही.

मी दोनदा हाक मारली. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं.

"मी काय करत होते?"

मी तिला किचनमध्ये नेलं, चहा केला. तेव्हा तिने सांगितलं.

अठराव्या वर्षी ती गावातल्या कारखान्यात लागली. तिथे कॉम्प्युटरचे डिस्क ड्राइव्ह बनायचे. सोव्हिएत रशिया, पूर्व जर्मनी, सगळीकडे जायचे. ती मायक्रोस्कोपखाली डिस्क वाचणारं इवलंसं हेड बसवायची. "मग एका हिवाळ्यात माल घेणारे देशच राहिले नाहीत. पण कारखाना बंद झाला असं कुणी म्हणालं नाही. बस यायची, भोंगा व्हायचा, आम्ही जागेवर जाऊन बसायचो. पार्ट नव्हते. हीटिंगही नव्हतं."

"किती दिवस?"

"अकरा महिने. रोज कुणीतरी कमी व्हायचं. कुणी ग्रीसला, कुणी स्पेनला. निरोप कुणी घेतला नाही. कप टेबलावर ठेवून जायचे, म्हणजे जागा राहील. शेवटच्या आठवड्यात हॉलमध्ये मी एकटी होते. तरी दोनला दहा कमी असताना दुसऱ्या पाळीची माणसं आत यायची. दार वाजायचं, बूट वाजायचे. मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कुणी नाही हे दिसलं असतं."

"मग?"

"एक दिवस भोंगा झाला नाही. मी घरी गेले."

माझा चहा गार झाला होता. दुसऱ्या दिवसापासून मी तिला तळमजल्यावर, रिसेप्शन आणि कॅफेच्या बाजूला काम दिलं. तिसरा मजला पुसणं बंद झालं.

सप्टेंबरात लीज संपलं. सामान काढायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मला एकदा वर जायचं आहे. तू चल." आम्ही खिडकीपाशी उभ्या राहिलो, लिफ्टकडे पाठ करून. वेळ झाली आणि पहिला दिवा लागला. रुम्याना सावकाश वळली. दिवे जसे पुढे येत गेले तसं ती एकेक नाव घेत गेली, दारात उभं राहून हजेरी घ्यावी तसं, हलक्या आवाजात. त्सोन्का. इलिया. पेन्का. शेवटचा दिवा आमच्या डोक्यावर लागला तेव्हा ती गप्प झाली. मला तिथे काही दिसलं नाही. तिला दिसलं का, हे मी विचारलं नाही.

आता ती रेडिंगला एका शाळेच्या किचनमध्ये आहे. मध्यंतरी भेटायला गेले तर जाळीची टोपी घालून बटाटे कुस्करत होती, बाहेर तीनशे मुलांचा गलका चालला होता. मी म्हटलं, इथे बोललेलं ऐकूसुद्धा येत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच तर घेतली ही नोकरी," आणि मला बाजूला सरकवून तिने ट्रे पुढे केला.