पहिली घंटा पहिल्याच पिनवर

थेल्मा कॅचपोलला एखादी गोष्ट करू नकोस म्हणून सांगितलं की ती झालीच म्हणून समजावं, हे विक्सहॅममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्टर हॅलिवेल गावात नवे होते, म्हणून त्यांना ठाऊक नव्हतं.

तरुणपणी ती पहिल्यांदा चर्चच्या मनोऱ्यात गेली, तेव्हा तिथल्या म्होरक्याने सांगितलं होतं, बाईमाणसाला घंटेचा दोर झेपायचा नाही. ही पठ्ठी दर बुधवारी जिन्याखाली जाऊन उभी राहायला लागली. पाऊस म्हणू नका, बर्फ म्हणू नका. शेवटी वैतागून त्याने तिच्या हातात पहिल्या घंटेचा दोर दिला. सहांतली ती सगळ्यात हलकी, आणि वाजायचीही सगळ्यांच्या आधी. तो दोर तिने पुन्हा कुणाला दिला नाही. आयुष्यभर शाळेची बस चालवली, लग्न केलं नाही ("विचारलं होतं दोघांनी, पण ताल एकालाही नव्हता"), आणि पुढे मनोऱ्याचा सगळा कारभार तिच्याकडेच आला.

पण वाजवणार कोण? जुनी माणसं कुणी वारली, कुणी गुडघे धरून घरी बसली. उरली ती आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला लेनर्ड गूच. मग तिने गावातून चार नवे पकडले. पकडले हाच शब्द बरोबर आहे, कारण पोस्टमन कीथला तिने पत्रं टाकताना फाटकात गाठलं आणि हो म्हणेपर्यंत बाहेर सोडलं नाही. चौघं दर बुधवारी येऊन धडपडत शिकत होते, आणि तेवढ्यात लंडनहून हॅलिवेल आले. चर्चसमोरचं घर घेतलं, आणि महिनाभरात तक्रार केली की बुधवारच्या बेसूर घंटांनी डोकं उठतं. आता घ्या. शेकडो वर्षांचा मनोरा, घर घेताना यांना दिसला नव्हता की काय?

पाद्रीबाई ज्युडिथ भांडणाला फार भितात. त्यांनी चर्चच्या समितीकडून तोडगा काढून घेतला: बुधवारी घंटांच्या आतले, टोल देणारे लोलक बांधून सराव करायचा, रविवारी प्रार्थनेआधी मात्र घंटा नेहमीसारख्या मोकळ्या वाजतील. पण बांधलेली घंटा मुकी. आपला टोल कधी पडला हे ऐकूच आलं नाही, तर शिकणाऱ्याने शिकायचं काय? त्यावर एक उपाय असतो. प्रत्येक घंटेच्या चाकापाशी एक सेन्सर लावायचा, चाक फिरलं की तो एका छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कळवतो, बोर्ड लॅपटॉपला कळवतो, आणि लॅपटॉप खाली, दोर ओढायच्या खोलीतल्या खोलीत, तेवढाच टोल वाजवतो. बाहेर चिटपाखरालाही पत्ता नाही.

"तयार मिळतं ते," हॅलिवेल म्हणाले. "मी घेऊन देतो."

"तुमचं नको," थेल्मा म्हणाली. "मी करते."

तिला ते येत होतं. शेजारच्या शहरातल्या वाचनालयात शनिवारी हौशी लोक जमतात, तिथे ती असले बोर्ड चालवायला शिकली होती. तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार पहाटे आपोआप उघडायचं ते त्याच्यावरच. समितीने तिला मुदत दिली, आणि मुदतीच्या बुधवारी ही बोर्डाची पेटी चालली नाही तर सराव बंद असंही ठरवलं. सराव बंद झाला की चौघं घरी बसणार, आणि सहांतले चार घरी बसले की रविवारच्या घंटाही गेल्या. हे समितीला कळत नव्हतं असं नाही.

त्या बुधवारी दुपारी थेल्मा मनोऱ्यात लॅपटॉपसमोर बसली होती आणि तिचं डोकं फिरलं होतं. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं झकास चाललं होतं. इथे आणून सहाही घंटांच्या वायरी लावल्या, आणि लॅपटॉप एकच पालुपद लावून बसला: बोर्ड उत्तर देत नाही.

"केबल बघितलीस?" लेनर्डने विचारलं. "नुसती चार्जिंगची असेल."

"ती चूक माझी मागच्याच आठवड्यात करून झालीय."

"पोर्ट?"

"तोच आहे. आणि बोर्डाचा न् लॅपटॉपचा वेगही एकच ठेवलाय. पुढचं विचार."

"मग वायरी उपट सगळ्या. घरी चालतं, इथे चालत नाही. इथे जास्तीचं आहे काय? वायरी."

तिला ते पटलं, म्हणूनच जास्त राग आला. सहावीची वायर काढली, प्रोग्राम पाठवला. नाही. पाचवीची काढली. नाही. चौथी, तिसरी, दुसरी. नाही, नाही, नाही.

"बघ," ती म्हणाली. "वायरींचा दोष नाही. इथल्या ओलीने मेलाय बोर्ड."

"एक राहिली की अजून."

"ती पहिल्या घंटेची आहे. ती मी स्वतः सोल्डर केलीय, दोनदा तपासून."

"म्हणून ती देवाच्या घरून आली होय? काढ."

"नाही काढणार."

लेनर्डने हात पुढे केला आणि वायर ओढली. थेल्मा त्याला काय म्हणाली ते चर्चच्या भिंतींनी ऐकलं तेवढं पुरे. पण तिने बटण दाबलं, आणि प्रोग्राम सुळ्ळकन गेला. बोर्डावरचा दिवा शहाण्यासारखा लुकलुकायला लागला.

लेनर्ड चष्मा वर करून पिनांवरचे बारीक आकडे वाचू लागला. मग हसायलाच लागला. "अगं थेल्मा, पहिली घंटा तू एक नंबरच्या पिनवर लावलीस?"

"मग कुठे लावायची? दुसरी दोनवर, तिसरी तीनवर, पहिली एकवर."

"शून्य नंबरची पिन म्हणजे त्याचा कान आणि एक नंबरची म्हणजे तोंड. त्याच दोन पिनांनी तो लॅपटॉपशी बोलतो. तू त्याचं तोंड दाबून धरलंस आणि वर ओरडतेस, बोल म्हणून."

जगातला कुणीही हौशी माणूस ही चूक पहिल्या दिवशी शिकतो. पण घंटा वाजवणाऱ्याला पहिली घंटा एकावरून हलव म्हणणं सोपं नाही. शेवटी शिव्या देत थेल्माने वायर सातवर नेली, प्रोग्राममधला आकडा बदलला, आणि लेनर्डला बजावलं, "बाहेर कुठे बोललास तर जिन्यावरून ढकलीन."

संध्याकाळी चौघं शिकाऊ आले. हॅलिवेल आले, ज्युडिथही आल्या. दोर ओढले गेले, वर बांधलेल्या घंटा मुक्याने डुलल्या, आणि खोलीत सहांचे टोल एकामागून एक स्वच्छ पडले. कीथ एकदा चुकला, त्याने स्वतःच ऐकलं, आणि पुढच्या फेरीला सावरला. थेल्माला इतका आनंद झाला की तिने तो लपवलाही नाही.

हॅलिवेल बाहेर जाऊन, उभे राहून, परत आले. "कमाल आहे, मिस कॅचपोल. बाहेर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मग रविवारीही असंच करायला काय हरकत आहे? तुम्हाला वाजवायला मिळतं, आम्हाला झोपायला."

थेल्माने ज्युडिथकडे पाहिलं.

"एकच रविवार," ज्युडिथ जमिनीकडे बघत म्हणाल्या. "समितीची बैठक होईपर्यंत. लोलक बांधलेलेच राहू देत."

"बुधवार मागितलात, तो दिला," थेल्मा म्हणाली. "शब्द दिलाय, तो पाळीन. रविवार मी दिलेला नाही आणि देणारही नाही. ही पेटी मी या चौघांना वाजवायला शिकवण्यासाठी केली, घंटा गप्प बसवायला नाही."

रविवारी सकाळी ती एकटी वर गेली आणि सहाही लोलक सोडून आली. गुडघ्यांनी तिचे हाल केले. खाली चौघं पांढरेफटक चेहरे करून आपापल्या दोराशी उभे होते. लेनर्ड तेवढा आपल्या दोराशी टेकून मजा बघत होता.

"समोर हॅलिवेलांची खिडकी उघडी आहे," कीथ हळूच म्हणाला.

"बरं झालं. नीट ऐकू जाईल."

ज्युडिथ दारात येऊन थांबल्या. "थेल्मा, समितीने अजून..."

"थांबवायचं असेल तर हा दोर माझ्या हातातून काढून घ्या, ज्युडिथ."

ज्युडिथ जागच्या हलल्या नाहीत. थेल्माने पाय रोवले, दोर दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली.

"सांभाळा," तिने वाजवण्याआधीचा नेहमीचा पुकारा केला. "पहिली निघाली." मग तिने दोर ओढला. "गेली."