लेकींच्या रेघा

सुखदेव तायडे गेल्याचं मला पिंप्राळ्याच्या रिक्षास्टँडवर कळलं, तेही पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकल्यावर. त्यांच्या घरच्यांनी मला कळवलं नाही. बरोबरच केलं.

जळगावच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख होतो, तायडे अधिव्याख्याते आणि पीएच.डी.ला माझेच विद्यार्थी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एरंडोलकडच्या एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मानेवर गाठ येते, हे त्यांनी हेरलं. वंशावळ सांगताना आपल्याकडे मुलगी सासरी गेली की तिची रेघ थांबते. तायडे मात्र एसटीनं त्या लेकींच्या मागे पार धुळ्यापर्यंत गेले.

"तायडे, प्रबंध लिहिताय की सोयरिकी जुळवताय?" मी हसलो.

"रेघ थांबवायची सवय तलाठ्याला आहे सर, रोगाला नाही."

त्यांच्या तक्त्यात गाठवाल्या पुरुषांच्या मुलांत गाठ उतरत होती, गाठवाल्या बायकांच्या एकाही मुलात नाही. जनुक तेच, पण आईकडून आलं की गप्प बसतं. त्यावर कसलीतरी खूण असणार, असं ते म्हणत. जनुकाला आईबाप कळत नाहीत, मी सुनावलं. लेकींच्या रेघा पुसा, मग सही करतो... खरं तर ती खुणेची कल्पना मला सुचली नव्हती, तायड्यांना सुचली होती. तेच सोसलं नाही.

त्याच घराण्यातली, मानेवर गाठ असलेली एक मुलगी त्यांच्याबरोबर विभागात आली होती. पोरंही गाठीचीच निघतील म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं.

"भाऊ, मना पोरेसले बी व्हई का हाई गाठ?" तिनं तायड्यांना विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिच्या पोरांना गाठ येणार नाही, अशा दोन ओळी सासऱ्याला दाखवायला विभागाच्या कागदावर हव्या होत्या. "असं लिहून देता येत नाही," मी म्हणालो. ती माहेरीच राहिली.

तायड्यांनी माझ्यासमोर खोडरबर चालवलं. पदवी मिळाली. पुन्हा ते कुठल्या गावी गेले नाहीत. पुढे अशाच घराण्यांविषयी परदेशातून छापून आलं. तायडे म्हणत होते तेच. ते पान मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचून घडी घातली. "छान आहे, सर." माफी मागायची ती वेळ होती... मी चहा मागवला.

तो तक्ता माझ्याच कपाटात आहे. तायडे पेन्सिल दाबून लिहायचे. कागद उजेडात तिरपा धरला की पुसलेल्या रेघांचे वळ अजून दिसतात. परवा त्या गिरवायला बसलो. रेघा सगळ्या सापडल्या. त्यांतली त्या मुलीची कुठली, ते मात्र सांगता येईना. त्या दिवशी मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.