मल्हारीची तेवीस की बत्तीस वर्षं

"तेवीस न्हाई बाई, बत्तीस," मल्हारी शिपाई माझ्या टेबलाशी उभा राहून तिसऱ्यांदा म्हणाला. "थोरला पोरगा तीसचा झाला. त्याच्या आधीपास्नं मी या कचेरीत हाय."

"पोराचं वय म्हणजे पुरावा नाही," पलीकडून हेडक्लार्क म्हणाले. "कागद उद्या औरंगाबादला जायचाय. बाई, फॉर्म पुरा करा."

सत्तावन्न साल. अंबडच्या तहसील कचेरीत पेन्शनचे कागद माझ्याकडे होते. नोकरीची तीस वर्षं भरली की पूर्ण पेन्शन, कमी भरली तर त्या प्रमाणात कमी. तेवीस धरली तर मल्हारीचा जवळजवळ चौथा हिस्सा जाणार होता, तोही जन्मभरासाठी. घरची मेंढरं त्यानं केव्हाच भावांना देऊन टाकली होती, दुसरी कमाई नव्हती.

"म्हातारी आन मी, दोघांना त्याच्यावरच काढायचंय," एवढं बोलून तो बाहेर जाऊन बसला.

निजामाच्या काळातले कागद उर्दूत, आणि साल फसली, म्हणजे महसुलाचं. फसली सालात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं. मल्हारीच्या नेमणुकीच्या हुकमावर १३४३ होतं. हेडक्लार्कांनी बेरीज करून सर्व्हिस बुकात १९३३ची अखेर लिहिली होती. बेरीज बरोबर होती.

माझी शाळा हैदराबादची, इंग्रजी. उर्दू वाचता येत नसल्यामुळे फसली महिन्यांची यादी मी वहीत उतरवून ठेवली होती. हुकूम घेऊन मी कचेरीतल्या उर्दू जाणणाऱ्या म्हाताऱ्या मुन्शीजींकडे गेले. त्यांनी वाचलं, "पच्चीस रजब, तेराशे त्रेचाळीस."

यादीत रजब नव्हता. मी दोनदा पाहिलं.

"मुन्शीजी, रजब कितवा महिना?"

"रजब फसलीत कहाँ से आया, बेटी? वो हिजरीचा महिना."

हिजरी साल चंद्रावर चालतं. हिजरी १३४३ म्हणजे १९२५.

हे मी हेडक्लार्कांना जाऊन सांगितलं.

"एका शब्दावर नऊ वर्षं वाढवू? लिहिणाऱ्याची चूक असेल. दुसरा पुरावा आणा, बिलकुल पक्का."

सर्व्हिस बुकावर सही त्यांचीच होती. मी वाद घातला नाही, मला तो जमतही नाही. रेकॉर्डरूमची किल्ली मागितली.

"तिथं विंचू आहेत, बाई."

"चालेल."

मुन्शीजी वाचत गेले, मी जुन्या कागदांचे कापडात बांधलेले रुमाल सोडत गेले. पाच वाजायच्या आत १३३६ फसलीचं पगारपत्रक सापडलं. चौथं नाव मल्हारी, गाव अंतरवाली सराटी, पुढे अंगठा. १३४३ फसलीत लागलेल्या माणसानं सात वर्षं आधी पगार कसा घेतला, एवढीच नोट मी लिहिली आणि हेडक्लार्कांपुढे ठेवली.

त्यांनी ती बराच वेळ वाचली. "नोट माझ्या सहीनं जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणाले.

चार महिन्यांनी पूर्ण पेन्शनचा हुकूम आला. मल्हारीला मी तो वाचून दाखवला.

"बत्तीस लिवलंय ना?"

"लिहिलंय. पण तीसच धरली. त्याच्या वरची धरत नाहीत."

"मंग वरची दोन वर्सं?"

"त्यांचं काही मिळत नाही."

तो हुकमाची घडी घालू लागला. "म्हंजी दोन वर्सं तुमच्या सरकारचं पाणी मी फुकटच भरलं."

तेव्हापासून पेन्शनचा अंदाज विचारायला कुणी आलं की मी आधी हुकमावरचा महिना वाचते, मग साल. आणि वरची वर्षं असतील, तर ती धरत नाहीत हे पहिल्याच भेटीत सांगून टाकते.