घरटी एक टपरी

रविवारी देवळात गावबैठक होती आणि मी पहिल्यांदाच पुढे बसले... म्हणजे आईनेच ढकललं. "एवढी वकील झालीस, आन् खांबाआड काय बसतीस?" आमच्या घरात पदवी घेतलेली मीच पहिली, त्यामुळे आईला हौस भारी.

आमचं गाव लोणावळ्याजवळ, नागफणीच्या पायथ्याशी. शनिवार-रविवार ट्रेकवाले येतात, तेव्हा वाटेच्या कडेला चहा-भज्यांच्या टपऱ्या लागतात. गावाचा नियम एकच... घरटी एक टपरी.

यंदा सुमनमावशीने जागा मागितली. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत राहते. चूल वेगळी, पण छप्पर एकच, आणि भावाची टपरी आधीपासून आहे. मग मावशीचं घर वेगळं धरायचं की नाही?

तासभर तोच वाद. शेवटी मावशी उठली. "जत्रेची वर्गणी मागायला माझ्या चुलीपुढं येता. जागा द्यायच्या टायमाला ती चूल दिसत न्हाई व्हय?"

लोक हसले, पण गाडं पुढे सरकेना. मावशी मात्र हसली नाही... जागा मिळाली नाही तर तिला पुन्हा बंगल्यांवर भांडी घासायला जावं लागणार होतं.

मी वडगावला एका वकील मॅडमकडे ज्युनियर आहे. तिथे शिकलेली एक गोष्ट आठवली. कायद्याचे शब्द स्पष्ट असले तर कोर्ट ते तसेच लावतं. पण अर्थाबद्दल शंका असेल, तर कोर्ट विचारतं... हा कायदा कुठला त्रास थांबवायला केला होता? मग त्या हेतूला धरून असलेला अर्थ घेतं.

नियम केला तेव्हा आबा सरपंच होते. मी त्यांनाच विचारलं, "आबा, हा नियम केला कशापायी?"

"अगं, एकानं तीन पोरांच्या नावानं तीन टपऱ्या टाकल्या. बाकीच्यांना उभं राहायला जागा न्हाई. सगळ्यांच्या पोटाला मिळावं, म्हनून केला."

मी एवढंच म्हटलं, मावशीचं पोट भावाच्या टपरीवर भरत नाही. तिला अडवलं तर ज्यासाठी नियम केला तेच मोडतं. माना हलायला लागल्या...

तेवढ्यात माझा दादा उठला. नुकतंच लग्न झालंय, आम्हाला दुसरी टपरी हवीच होती. "मग उद्या मी बी चूल येगळी मांडतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेतू बघायचा तर आपल्या घरीही बघायला हवा. म्हटलं, "दादा, तुझं पोट आपल्या टपरीवर भरतंय. दुसऱ्या टपरीसाठी मांडलेली चूल म्हणजे पुन्हा त्या तीन टपऱ्याच."

"आन् भाकरी थापता येती का तुला, ते सांग आधी," आबा दादाला म्हणाले. त्या हशातच मावशीची जागा पक्की झाली.

दादा बैठकीतून तणतणत घरी गेला. पण काल मावशीच्या टपरीवर ताडपत्री बांधायला तोच चढला होता, आणि खालून मावशी "डावीकडं ओढ रं" म्हणून ओरडत होती.

सनद मिळाली त्या दिवशी घरी पेढे वाटले होते. पण खरी वकील झाल्यासारखं मला रविवारी वाटलं... आमच्याच दुसऱ्या टपरीविरुद्ध बोलताना.