पाहुण्यांची पांढरी जर्सी

अमेरिकेतल्या फुटबॉलच्या टीमकडे तीन-तीन प्रकारच्या जर्स्या असतात, हे मला कळलं नसतं तर माझा संसार बराच बरा चालला असता.

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. त्यात चेंडू छातीशी धरून पळतात, डोक्यावर शिरस्त्राण घालतात आणि एकमेकांच्या अंगावर पडतात. मी तो कधी खेळलो नाही, धड पाहिलाही नाही. मी फक्त हिंजवडीतल्या एका कंपनीत बसून, त्या जर्स्या विकणाऱ्या अमेरिकन दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकतो. तक्रार बहुतेक एकच असते. गिऱ्हाइकाने हौसेने निळी जर्सी घेतलेली असते आणि रविवारी त्याची टीम भलत्याच रंगात मैदानात उतरते. मग मी त्याला समजावतो की साहेब, घरच्या मैदानावर रंगीत, पाहुणे म्हणून गेले की बहुधा पांढरी, आणि अधूनमधून हौस म्हणून तिसरीच. तिला म्हणायचं पर्यायी जर्सी. ("तीही आमच्याकडे मिळेल" हे शेवटी सांगायचं असतं, त्याचाच मला पगार मिळतो.)

एकदा जेवताना हे मी वडिलांना सांगितलं. अण्णा घोटावड्याच्या वरच्या माळावर मेंढरं राखतात आणि कुठल्याही गोष्टीचं कारण विचारल्याशिवाय घास गिळत नाहीत.

"पयलं फाटतं म्हणून दुसरं घालत्यात का?"

"नाही अण्णा, फाटत नाही."

"मग मळतं?"

"मळतही नाही. नुसतं बदलतात."

"आन का बदललं, त्ये तू त्यास्नी सांगत बसतूस?"

"हो."

"येवढ्यासाठी तुला शिकिवला," अण्णा ताटाकडे बघत म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.

आता आमच्या घरातलं दुखणं सांगतो. दर वर्षी आमच्या गावच्या जत्रेत कबड्डीचे सामने होतात आणि शेवटी हमखास आमचं गाव आणि माझी सासुरवाडी समोरासमोर येतात. सासुरवाडी ताम्हिणीकडे. तिथला कप्तान माझा मेहुणा दत्ता, आणि आमच्या टीमचे सर्वेसर्वा अण्णा. दोन्ही गावांचा देव खंडोबा, म्हणून दोन्ही टीमच्या जर्स्या भंडाऱ्यासारख्या पिवळ्याधमक. देवाचा रंग आधी कोणी सोडायचा, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

मागच्या वर्षी शेवटच्या चढाईत दत्ताला आमच्या पोरांनी मध्यरेषेजवळ धरला. अख्खी टीम त्याच्यावर पडली. त्या ढिगाखालून पिवळ्या बाहीचा एक हात बाहेर आला आणि रेषेला टेकला. तो हात दत्ताचा असेल तर ते जिंकले, आमच्या पोराचा असेल तर आम्ही. पण पंच वाकून बघेपर्यंत हात परत ढिगात गेला होता.

"माजा हात मला वळखत न्हाई व्हय?" दत्ता म्हणाला.

"हरायची येळ आली की समदंच हात आपलं वाटत्यात," अण्णा म्हणाले.

झालं. पंचांनी गुण आम्हाला दिला आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद पडलं. दिवाळीला बहिणीला न्यायला भाऊ येतो, ही रीत. दत्ता आला नाही. आणि न्यायला कोणी आल्याशिवाय सून धाडायची नाही, ही अण्णांची रीत. माझ्या बायकोने, रेखाने, भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तयार केलं, थोडा वेळ दाराकडे बघितलं आणि ताट परत फळीवर ठेवून दिलं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती काहीच बोलली नाही, त्याने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. (तिच्या लक्षात आलं नाही, कारण तीही जेवत नव्हती.)

ह्या वर्षी जत्रा जवळ आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "औंदा परत भांडाण झालं, तर मला माहेर राहिलं न्हाई असं समजा."

इथे शहाण्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "तू काळजी करू नको. ह्यावर अमेरिकेत उपाय आहे."

मी दत्ताला फोन लावला. माझ्याशी तो बोलत होता, कारण जावयाशी बोलणं बंद करता येत नाही, एवढाच माझा मान.

"दत्ता, पाहुण्या टीमने पांढरं घालायचं. नियमच आहे."

"कुणाचा?"

"अमेरिकेचा."

"दाजी, आमी पाव्हण्याला फेटा बांधतो. पांढरं न्हाई देत. आमच्यात कुणी गेलंय का?"

मग मी अण्णांकडे गेलो. म्हटलं, पाहुण्यांचा मान म्हणून आपणच पांढरं घालू.

"आपल्या दारात आपुन रंग सोडायचा आन त्यांनी देवाचा रंग घालून मिरवायचं?" अण्णांनी काठी उचलली, पण ती मेंढरांसाठी होती. "तुजं डोस्कं कंपनीतच ठिवत जा. येताना मोकळा येत जा."

चार दिवस मी असा दोन्हीकडून मार खात होतो. शेवटी रेखाने माझ्या हातातून फोन घेतला आणि भावाला म्हणाली, "दादा, माज्यासाठी घाल." मग दत्ता म्हणाला, "बरं. पर येकदाच."

जर्सीचं चित्र मी स्वतः काढलं. अमेरिकेत छातीवर खवळलेला प्राणी असतो, म्हणून मी मेंढा काढला. शिंगं वळलेली, डोळ्यांत अंगार. छापून आल्यावर अंगार कुठे गेला कळलं नाही. दत्ताने जर्सी उलगडून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "दाजी, ह्ये मेंढरू आजारी हाय का?"

जत्रेच्या दिवशी दुपारी दत्ताची पिकअप देवळापुढे थांबली आणि मागून सगळी टीम पांढऱ्याशुभ्र जर्सीत उतरली. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. एकीकडे आमची पिवळी पोरं, दुसरीकडे ती पांढरी. आंधळ्यालाही सांगता आलं असतं कोण कुठला ते. पंच म्हणून आलेल्या शाळेतल्या गुरुजींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "औंदा मला सुखानं घरी जाता येईल." मी फोटो काढून ऑफिसातल्या लोकांना पाठवला. बायकांच्या घोळक्यातून रेखाने माझ्याकडे बघितलं, आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

आणि तेवढ्यात अण्णांना प्रेम आलं.

पांढऱ्या जर्सीत उभ्या दत्ताकडे त्यांनी बघितलं. आपल्या दारात ह्या पोराने आपला रंग सोडला, हे त्यांना लागलं असावं. बोलणं बंद होतं, म्हणून ते बोलले नाहीत. ते पुढे झाले, पुजाऱ्याच्या ताटातून भंडाऱ्याची मूठ भरली, थोडा भंडारा दत्ताच्या कपाळाला लावला आणि उरलेला प्रेमाने त्याच्या अंगावर उधळला. ते बघून अख्ख्या गावाला भरून आलं. म्हाताऱ्यांनी मुठी भरल्या, पोरांनी ताटं उचलली, कोणीतरी पोतंच सोडलं. "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं आणि सगळं देऊळ पिवळ्या ढगात बुडालं. मीही दोन मुठी उधळल्या. (हे रेखाला अजून माहीत नाही.)

ढग खाली बसला तेव्हा पाहुण्यांचे पांढरे फक्त दात उरले होते.

दर वर्षी सामन्याआधी भंडारा उधळतात. मी ह्याच गावात जन्मलो, ह्याच देवळापुढे वाढलो. पण आजवर सगळे पिवळ्यात असायचे, पिवळ्यावर भंडारा दिसत नाही, म्हणून तो कोणाच्या हिशेबातच आला नाही. अमेरिकेतल्या टीमचे सगळे नियम मला पाठ होते आणि माझ्या देवळातला एक आठवला नाही. मला तिथल्या तिथे जमिनीने पोटात घेतलं असतं तर मी तक्रार केली नसती.

"आता ह्यातला पाव्हणा कंचा?" गुरुजींनी खचलेल्या आवाजात विचारलं.

"पाच मिनिटं द्या," मी म्हणालो. "धुऊन आणतो."

दत्ताची टीम उघड्या अंगाने पायरीवर बसली. मी सगळ्या जर्स्या उचलून देवळामागच्या नळावर पळालो, वाण्याकडून कपड्यांचा साबण घेतला आणि एकेक कशाला म्हणून सगळ्या एकदमच बादलीत कोंबल्या. इतक्यात रेखा पदर खोचून धावत आली.

"साबण लावू नका! हळदीला साबण..."

लावला होता. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. शाळेत विज्ञानाच्या तासाला हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून मी तो लाल करून दाखवला होता आणि मास्तरांनी पाठ थोपटली होती. आता बादलीतून मी जे बाहेर काढलं, ते बघून रेखा मटकन खाली बसली.

"दाजी," मागून दत्ता म्हणाला, "कापडं धुतली का बोकड कापला?"

"लाल तर लाल," मी म्हणालो. माझा आवाज रडका झाला होता. "पिवळ्यापेक्षा वेगळं आहे ना? घाला आणि खेळा."

दत्ताने बहिणीकडे बघितलं. मग ओली, गार, रक्ताळल्यासारखी जर्सी त्याने मुकाट्याने अंगात घातली. त्याचं बघून बाकीच्यांनी घातली. मैदानात पाहुणे उतरले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजीने विचारलं, "मारामारी आदीच झाली व्हय?"

पहिला डाव मात्र बरा गेला. लाल आणि पिवळं, चूक व्हायला जागा नव्हती. मी जरा श्वास घेतला. उन्हं रणरणत होती, म्हणून मधल्या वेळेत अण्णांनी पाहुण्यांसाठी लिंबू सरबताची घागर पाठवली. पोरांनी निम्मं प्यायलं आणि निम्मं डोक्यावरून ओतून घेतलं.

हळदीला साबण लागला की ती लाल होते. त्यावर लिंबू पडलं की परत पिवळी होते. मास्तरांनी तेही करून दाखवलं होतं. मी खांद्यांपासून सुरुवात होताना बघितली. आधी गळे पिवळे झाले, मग बाह्या, मग छातीवरचा तो आजारी मेंढा. दुसऱ्या डावाची शिट्टी वाजली तेव्हा मैदानात सगळे एकाच रंगाचे होते. आमच्या एका पोराने आमच्याच चढाईवाल्याला धरून पाडला आणि टाळ्यांची वाट बघत उभा राहिला.

पुढचं सांगायलाही जिवावर येतं. शेवटची चढाई. दत्ता. मध्यरेषेजवळ पकड. ढीग. आणि ढिगाखालून पिवळ्या बाहीचा एक हात, रेषेला टेकलेला.

गुरुजींनी शिट्टी तोंडात धरली होती, पण त्यांना ती फुंकवेना. मी रेखाकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते. तिच्या हातात पदराचं टोक होतं आणि ते ती पिळत होती. आपण तिचं माहेर मोडलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला खरोखर रडू फुटलं.

ढिगातून दत्ता उठला. समोरून अण्णा चालत आले. दोघं रेषेवर समोरासमोर उभे राहिले.

"हात कुणाचा हाय, त्ये ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "ही कापडं कुणाची अक्कल?"

"तुमच्या पोराची," दत्ता म्हणाला.

"मला वाटलंच. लहानपणापास्नं आसंच हाय त्याचं. येकदा मेंढरं वळखू यावीत म्हणून शिंगांना चुना लावला, पाऊस आला, आन शेजारच्या कळपातली धा मेंढरं घरी घिऊन आला."

"आमच्याकडं तर दिवाळसणाला आले, तवा पंपाचं बटण दाबून कणगी भिजवली."

"बस, पाव्हणं. बसून सांग."

गुरुजींनी सामना बरोबरीत सोडला. ते कोणी ऐकलंही नाही. जेवणाच्या पंगतीत अण्णा आणि दत्ता मांडीला मांडी लावून बसले होते. एकजण माझी एक गोष्ट सांगायचा, दुसरा तिच्यावरची काढायचा. रेखा वाढत होती आणि वाढता वाढता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते हसण्याचं की कशाचं, हे मी विचारलं नाही. मी कोपऱ्यात बसून वांग्याची भाजी खात होतो.

दिवाळीला दत्ता स्वतः पिकअप घेऊन आला. रेखा पहाटेपासून तयार होती. दत्ताने आग्रह करकरून अण्णांनाही पुढच्या सीटवर बसवलं. मीही पिशवी भरली होती, पण मेंढरांपाशी घरचं माणूस हवं, असं अण्णांचं आणि दत्ताचं एकमत झालं. गेली दीड वर्षं ह्या दोघांचं कशावरही एकमत झालं नव्हतं, त्यामुळे मला मोडता घालवेना.

संध्याकाळी रेखाचा फोन आला. मागे हसण्याचा नुसता गदारोळ होता. ओवाळून झालं, दादाने साडी घेतली, अण्णा पोटभर जेवले, असं ती सांगत होती. इतकी मोकळी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, "मेंढरं शेजारी सांभाळतील. मीही येऊ का आता?"

तिने फोनवर हात ठेवला. आत काहीतरी विचारविनिमय झाला, पुन्हा हसणं झालं, आणि ती परत आली.

"ते दोगं बी नगं म्हणत्यात," ती म्हणाली. "तुमी आलासा, तर त्यांला बोलायला इषय उरणार न्हाई."