बुंध्याला चिकटलेलं काँक्रीट

स्वारगेटजवळच्या आमच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानाला छप्पर असं नव्हतंच. एक चिंच होती. अब्बांनी तिच्याखाली पंप आणि हत्यारांची पेटी मांडली तेव्हा मी शाळेत होतो. त्यांच्यानंतर मी बसलो. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतात. संध्याकाळी ते पाणी चिंचेच्या बुंध्याशी ओतायचं, हा अब्बांचा शिरस्ता. मी कधी आळस करून रस्त्यावर फेकलं की म्हणायचे, "दिवसभर कुणाच्या सावलीत बसलास रे?"

पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा, गिऱ्हाइकं कुरकुरायची. म्हणून आम्ही चार दुकानदारांनी महापालिकेकडे अर्ज केला, की दुकानांसमोर फरश्या टाकाव्यात. अर्ज मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात. माझीच अक्कल! वर्षभराने ठेकेदाराची माणसं आली. फरश्या राहिल्या बाजूलाच. भिंतीपासून रस्त्यापर्यंत सलग काँक्रीट ओतलं, आणि तेही चिंचेच्या बुंध्याला अगदी चिकटून. बोटभर माती सोडली नाही. वर पाटी लावली, 'सुशोभीकरण'. काँक्रीट वाळल्यावर संध्याकाळी मी सवयीने घमेलं ओतलं, तर पाणी वाहत सरळ गटारात गेलं. मी खुळ्यासारखा बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, "अहो, चिखलाची तक्रार आपलीच होती ना?"

होती.

"मग?"

मग काय, डोंबल! चिखल नको म्हणजे झाडाचा गळा आवळा, असं लिहिलं होतं का मी? बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी करून द्या, एवढंच मागत होतो. "लेखी द्या," म्हणाले. दिलं. तीन वर्षांत तीनदा दिलं. तिन्ही वेळा पोच मिळाली, शिक्क्यासकट. बाकी काही नाही.

तिसऱ्या वर्षी चैत्रात पालवी फुटली ती निम्म्याच झाडाला. रस्त्याकडची बाजू नुसत्या काटक्या. माझ्यावर उन्हात बसायची वेळ आली, ते जाऊ द्या. पण माझ्या हातच्या अर्जाने ही मरणार, या विचाराने घास गिळवेना.

एका रविवारी छिन्नी-हातोडा घेतला आणि बुंध्याभोवतीचं काँक्रीट स्वतःच फोडलं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, दोन्ही हातांना फोड आले. मग घमेलं ओतलं. मातीने ते घटाघटा पिऊन टाकलं, वर बुडबुडे आले. खोटं कशाला सांगू, मला रडू कोसळलं. मंगळवारी नोटीस आली, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल. माझ्या तीन अर्जांना तीन वर्षं पाय फुटले नाहीत, आणि ही नोटीस दोन दिवसांत धावत आली!

मी रोज पाणी घालत राहिलो. महिन्याभरात बुंध्याशी तीन फुटवे आले, पोपटी, कोवळे. येईल त्या गिऱ्हाइकाला मी ते दाखवायचो. तेवढ्यात वळवाच्या वाऱ्यात एक वाळकी फांदी तुटून उभ्या मोटारीवर पडली. मोटारीची काच फुटली. आता मात्र काय ती तत्परता! चौथ्या दिवशी करवतवाले दारात हजर.

मी बुंध्याला पाठ लावून उभा राहिलो. मुकादमाला फुटवे दाखवले, शिक्क्याच्या तिन्ही पोचपावत्या दाखवल्या. तो म्हणाला, "चाचा, कागदावर झाड वाळलेलं आहे. बाजूला व्हा." मी हललो नाही. शेवटी दोघांनी दंडाला धरून मला पलीकडे नेलं.

बुंधा आडवा झाला तसं करवत चालवणाऱ्याने यंत्र बंद केलं. कापलेल्या जागेवर हात फिरवला आणि ओला तळवा मुकादमासमोर धरला. "जिवंत होतं हो हे," तो म्हणाला.

मुकादमाने तळव्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, म्हणाला, "मग चाचा, आधी सांगायचं ना."