सोमलाच्या नावाचा भोग

हरीओमचं स्टार्टअप का बुडालं, असं त्याच्या गावात, अनसिंगात कुणी विचारलं की तो बिनदिक्कत सांगायचा, "आपल्याकडं नेट कुठं धड चालते?" लोकांना ते पटायचं. नेटला दोष दिला की कुणाच्या बापाचं काही जात नाही.

कल्पना मात्र झकास होती. ऊसतोडीला, बांधकामावर दूरदूर गेलेल्या बंजारा माणसांना त्यांच्या पोहरादेवीच्या तीर्थाला येणं जमत नाही. त्यांनी मोबाईलवर नाव नोंदवायचं. हरीओमनं तिथल्या जाणत्या माणसाकडून त्यांच्या नावानं तूप-लापशीचा भोग अग्नीत घालून घ्यायचा, अरदास, म्हणजे देवाची विनवणी, म्हणताना त्यांचं नाव घ्यायला लावायचं आणि व्हिडिओ पाठवायचा. पहिलं वर्ष त्यानं इमानानं केलं. मग रामनवमीला इतकी मागणी आली की त्यानं हात टेकले. सरळ नाही म्हणायचं सोडून या पठ्ठ्यानं एकच जुना व्हिडिओ घेतला, घरात दार लावून स्वतःच्या आवाजात त्यावर नावं भरली आणि सगळ्यांना धाडून दिला. मोठ्या कंपन्याही सुरुवातीला असंच करतात, अशी मनाची समजूत घातली. पुढं एकाच तांड्यातल्या दोघांनी आपापले व्हिडिओ ताडून पाहिले, तेव्हा बोभाटा व्हायच्या आत त्यानं गाशा गुंडाळला.

आता वाशिमात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. परवा तिथं रुपाबाई आली. वारलेल्या नवऱ्याचा, सोमलाचा, बंद पडलेला फोन तिनं पुढं केला.

"बाकी गेलं तरी चालीन, बापू. त्यातला भोग तेवढा वाचव."

फोन सुरू झाला. पडद्यावर आग पेटली आणि हरीओमचाच आवाज 'सोमला' म्हणाला. त्यानं घाईनं आवाज बारीक केला.

"पुन्याले कामावर होतो तवा आमचे हे लय बिमार पडले," रुपाबाई सांगू लागली. "पोहरादेवीले न्या, एकच ध्यास. गाडीबी ठरवली होती. मंग मोबाईलवर हा भोग आला. डोळे भरून पाह्यलं अन् म्हनले, लागला माहा भोग, आता गाडी नोको. त्याच हप्त्यात गेले. लय उपकार झाले त्या मानसाचे."

उपकार हा शब्द हरीओमला झोंबला. त्या माणसाची गाडी आपण थांबवली, हे त्याला लख्ख कळलं. कंपनी बुडाली तेव्हाही त्याला इतकी लाज वाटली नव्हती. गप्प राहणं सोपं होतं, सवयीचंही होतं. पण त्यानं सगळं सांगून टाकलं. आग दुसऱ्याच्या भोगाची, आवाज आपला, पोहरादेवीला सोमलाचं नाव कुणी घेतलंच नाही.

सांगून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, खोटं कशाला बोला. रुपाबाईनं फोन उचलला आणि पदरात गुंडाळला.

"त्यायले हे मालूम नव्हतं न?"

"नाही, मावशी."

"मंग मले कायले सांगतलं?"